सहा दिवसांचा अध्यापक विकास कार्यक्रम : नाशिकमधील एका कार्यशाळेचे परीक्षण

नाशिकमध्ये गंगापूर रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका महाविद्यालयाने या वर्षी, पहिले सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या प्राध्यापकांसाठी सहा दिवसांचा अध्यापक विकास कार्यक्रम घेतला. विषय होता ‘अध्यापन आणि मूल्यमापन’, शुल्क दीड हजार रुपये, सहभागींची मर्यादा चाळीस आणि वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच. मी निफाड तालुक्यातील एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि या कार्यक्रमात पूर्ण वेळ सहभागी झाले होते. पुढच्या तुकडीसाठी नाव नोंदवावे की नाही, असे जिल्ह्यातील काही सहकाऱ्यांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आयोजक महाविद्यालयाचे नाव येथे दिलेले नाही, कारण काही त्रुटींबद्दल स्पष्ट लिहायचे आहे आणि त्या त्रुटी त्या एकाच संस्थेच्या आहेत असेही नाही.

माझे मत आधीच सांगते. प्रश्नपत्रिकेचे सत्र, संकल्पना-प्रश्नांचे सत्र आणि सूक्ष्म अध्यापन (गटासमोर काही मिनिटे शिकवून त्याचे चित्रण पाहणे) या तीन गोष्टींसाठी हा कार्यक्रम अवश्य करावा. या तिन्हींमधून वर्गात नेता येईल असे काहीतरी हातात पडते. उरलेल्या सत्रांपैकी काही ठीक होती आणि काहींचा वेळ वाया गेला. केवळ प्रमाणपत्रासाठी जाणार असाल, तर त्याहून कमी कष्टाचे मार्ग आज उपलब्ध आहेत आणि त्यांचाही विचार पुढे केला आहे.

अशा कार्यक्रमांची गरज काय, हा प्रश्न अजूनही काही ज्येष्ठ प्राध्यापक विचारतात, म्हणून थोडे मागे जाणे आवश्यक आहे. शाळेत शिकवणारा शिक्षक डी.एड. किंवा बी.एड. करून येतो, त्याने पाठ घेतलेले असतात आणि कोणीतरी वर्गात मागे बसून ते पाहिलेले असतात. महाविद्यालयात शिकवणारा मात्र पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा आणि बहुतेक वेळा पीएच.डी. एवढ्या शिदोरीवर वर्गात उभा राहतो. नेट-सेटच्या पहिल्या पेपरमध्ये अध्यापनावर काही प्रश्न असतात, पण ते पर्याय निवडण्याचे असतात आणि त्यातून शिकवता येते की नाही हे कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुढे त्यांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि ५ सप्टेंबर २०२३ रोजी मदन मोहन मालवीयांच्या नावाने सुरू झालेल्या प्रशिक्षण अभियानात १११ केंद्रांचे हे जाळे नव्या रूपात पुढे आले. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो; त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीला उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन) आणि उजळणी वर्ग (रिफ्रेशर) यांसाठी अनेकदा पुण्याला जाऊन तीन-चार आठवडे वसतिगृहात राहावे लागे. त्या वर्गांच्या गुणवत्तेबद्दल मतभेद असतील, परंतु वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक इतके दिवस एकत्र राहिल्याने ओळखी होत, वाद होत, आणि आपला विषय दुसरा कसा शिकवतो हे समजे.

२०२० च्या टाळेबंदीत हे चित्र बदलले. वेबिनारचा पूर आला, गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र ई-मेलवर येऊ लागले, आणि अनेकांच्या फायली जाड झाल्या. त्याच सुमारास नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात, वर्षभरात किती टक्के प्राध्यापकांनी असे कार्यक्रम पूर्ण केले याची आकडेवारी द्यावी लागत असल्याने, महाविद्यालयांनाही प्रमाणपत्रांची संख्या हवी होती. संख्या मोजली गेली, पण त्यानंतर वर्गात काय बदलले हे कोणी विचारले नाही. प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे याबद्दल डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या होत्या : सहभागींना कार्यक्रम आवडला का, ते काही शिकले का, त्यांचे कामाचे वर्तन बदलले का, आणि त्याचा परिणाम अखेरीस दिसला का. आपल्याकडे शेवटच्या दिवशी भरून घेतला जाणारा अभिप्रायाचा फॉर्म पहिल्या पायरीवर संपतो. हे परीक्षण लिहिताना मी तिसऱ्या पायरीवर भर दिला आहे, कारण चौथ्या पायरीबद्दल एका शैक्षणिक सत्रात काही म्हणणे घाईचे होईल.

पहिला दिवस निराशाजनक होता. दहाला सुरू होणारे उद्घाटन पाहुण्यांच्या प्रतीक्षेत लांबले, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार आणि मनोगते यांत जेवणाची वेळ झाली, आणि दुपारी नव्या शैक्षणिक धोरणावरील व्याख्यानात राज्य शासनाचा २० एप्रिल २०२३ चा निर्णय जवळजवळ वाचून दाखवण्यात आला. आमच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला धोरण २०२४-२५ पासून लागू झाले आहे. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली या सर्वांची श्रेयांकांची (क्रेडिट) विभागणी आम्ही वेळापत्रक बनवताना रोज पाहतो. एका श्रेयांकाला पंधरा तासांचे अध्यापन हे गणित सर्वांना पाठ आहे. अडचण वेगळीच आहे : दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला तीसच तास मिळतात, त्यात कोणता भाग सखोल शिकवावा आणि कोणता विद्यार्थ्यावर सोपवावा, हे ठरवायचे कसे? प्रश्नोत्तरांत एका मॅडमनी नेमके हेच विचारले, तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. सहा दिवसांतला एक दिवस असा जाणे ही या कार्यक्रमाची सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसऱ्या दिवसापासून पुण्याहून आलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी सूत्रे घेतली आणि कार्यक्रमाला आकार आला. सरांनी आधीच कळवले होते की प्रत्येकाने स्वतः काढलेली, मागच्या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका सोबत आणावी. पाच-पाच जणांचे गट केले, प्रश्नपत्रिका एकमेकांत बदलल्या, आणि प्रत्येक प्रश्नापुढे स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती यांपैकी योग्य ती पातळी लिहायला सांगितले. बेंजामिन ब्लूम यांचे हे वर्गीकरण १९५६ चे आणि त्याचे सुधारित रूप २००१ चे आहे. आजकाल प्रत्येक महाविद्यालयाच्या आयक्यूएसीकडे (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे) त्याचे तक्ते असतात, आणि अभ्यासक्रमाची फलिते लिहिताना त्यातली क्रियापदे जशीच्या तशी उतरवली जातात. त्यामुळे सुरुवातीला सर्वांना हे काम सोपे वाटले. ‘स्पष्ट करा’ म्हणजे आकलन, ‘विश्लेषण करा’ म्हणजे विश्लेषण, असे शिक्के भराभर मारले गेले.

मग सरांनी एकच प्रश्न विचारला : या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वर्गातल्या नोट्समध्ये लिहून दिलेले आहे का? असेल, तर क्रियापद कोणतेही असो, विद्यार्थ्याकडून तुम्ही पाठांतरच मागत आहात. या एका कसोटीवर आमच्या गटातील पाचही प्रश्नपत्रिका कोसळल्या. वाणिज्य शाखेच्या सरांनी ‘चलनवाढीच्या परिणामांचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न काढला होता, आणि त्याचे सहा मुद्दे मार्गदर्शकात छापलेले होते. मराठीच्या मॅडमचा ‘कवितेतील निसर्गप्रतिमांचा शोध घ्या’ हा प्रश्न वाचायला सुंदर होता, परंतु ती कविता आणि त्या प्रतिमा वर्गात सांगून झालेल्या होत्या. न शिकवलेली दुसरी कविता देऊन तोच प्रश्न विचारला असता, तर तो खरोखर शोध ठरला असता. हा फरक ऐकताना साधा वाटतो, पण स्वतःच्या प्रश्नपत्रिकेवर दुसऱ्याच्या पेनाने तो उमटलेला पाहणे वेगळे असते.

दुपारी तेच प्रश्न नव्याने लिहायचे होते. ‘मागणीचा नियम आकृतीसह स्पष्ट करा’ हा अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे येणारा प्रश्न घेऊन आम्ही त्याच्या जागी असा प्रश्न तयार केला : ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, अशा निर्णयाने लासलगावच्या बाजारातील मागणीवर काय परिणाम अपेक्षित आहे, आणि त्याच आठवड्यात पावसामुळे आवक घटली असती तर आकृती कशी बदलली असती, हे दोन्ही परिणाम वेगवेगळे दाखवा. निफाड-चांदवडच्या मुलांना या घटनेची माहिती घरातूनच असते. उत्तर मात्र त्यांना कुठल्याही मार्गदर्शकात आयते मिळत नाही. वक्र कोणता सरकेल आणि कोणत्या बाजूला, हे त्यांना स्वतः ठरवावे लागते. प्रश्नाबरोबरच गुणदानाची योजना लिहिण्याचा आग्रहही सरांनी धरला. त्याची गरज पटवण्यासाठी त्यांनी एका विद्यार्थ्याचे एकच उत्तर सर्वांना तपासायला दिले, आणि आमच्या गटात त्याला दहापैकी चारपासून आठपर्यंत गुण पडले. अंतर्गत मूल्यमापनाचे शंभरातले तीस गुण आपल्याच हातात असतात. त्यातली ही तफावत विद्यार्थ्याच्या दृष्टीने किती गंभीर आहे, यावर पुढे बराच वेळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

तिसऱ्या दिवसाचे संकल्पना-प्रश्नांचे सत्र मला सर्वांत उपयुक्त वाटले. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास ही पद्धत वापरायला सुरुवात केली. व्याख्यानाच्या मध्ये एक असा प्रश्न विचारायचा, ज्याचे उत्तर आकडेमोडीने किंवा आठवणीने देता येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आधी स्वतः विचार करून पर्याय निवडायचा. मग शेजाऱ्याशी चर्चा करायची आणि पुन्हा निवडायचा. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के विद्यार्थी बरोबर असतील तरच चर्चा करू द्यावी, हा यातला महत्त्वाचा नियम आहे. त्याहून कमी बरोबर असतील, तर वर्गात समजावून सांगणारेच पुरेसे नसतात आणि शिक्षकाने संकल्पना पुन्हा मांडावी. त्याहून जास्त असतील, तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. परदेशात यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरतात. आम्हाला चार रंगांच्या पुठ्ठ्याचे तुकडे देण्यात आले. सर्वांनी एकाच वेळी छातीसमोर कार्ड धरायचे, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून बदलता येत नाही आणि शिक्षकाला एका नजरेत वर्गाचा अंदाज येतो. एक कात्री आणि जुन्या फायलींची कव्हरे एवढ्यावर हे जमते, त्यामुळे सुरगाणा किंवा पेठच्या महाविद्यालयातही ते उद्यापासून करता येईल.

या सत्राचा कस प्रश्न लिहिण्यात आहे, आणि तिथे सरांनी घाई केली नाही. चुकीचे पर्याय मनाने रचायचे नाहीत, विद्यार्थी प्रत्यक्ष ज्या चुका करतात त्यांतून ते उचलायचे, हे त्यांनी उदाहरणांनी पटवले. अर्थशास्त्रात किंमत बदलल्यामुळे होणारा मागणीतील विस्तार-संकोच (त्याच वक्रावरची हालचाल) आणि उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलल्यामुळे होणारी मागणीतील वृद्धी-ऱ्हास (वक्रच सरकणे) यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात. व्याख्या दोन्हींच्या पाठ असतात. ‘कांद्याचा भाव दुप्पट झाला आणि लोकांनी कांदा कमी घेतला, मागणी वक्राचे काय झाले?’ असे विचारले की, वक्र डावीकडे सरकला, हे उत्तर वर्गात सर्वांत जास्त हात मिळवते. वक्र जागेवरच आहे आणि ग्राहक त्याच वक्रावर वर गेला आहे, हे शेजारच्या विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकताना जो प्रतिवाद होतो, तो मी फळ्यावर कितीही नीट आकृती काढली तरी होत नाही. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समतोलावर आणि इतिहासाच्या सहकाऱ्यांनी कारण आणि निमित्त यांतील फरकावर प्रश्न लिहिले. भाषा विषयांना ही पद्धत कितपत लागू पडते, यावर मात्र समाधानकारक उत्तर मिळाले नाही. साहित्याच्या वर्गात एकच बरोबर पर्याय असणे हेच मुळात खटकते, आणि त्यासाठी वेगळ्या प्रकारच्या तंत्रांचे सत्र ठेवायला हवे होते.

सूक्ष्म अध्यापनासाठी चौथ्या दिवसाची दुपार आणि पाचवा दिवस दिला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे बी.एड.च्या विद्यार्थ्यांना परिचित आहे, महाविद्यालयीन प्राध्यापकांना जवळजवळ नाही. प्रत्येकाने गटासमोर सात मिनिटे शिकवायचे, त्याचे मोबाइलवर चित्रण करायचे, मग ते सर्वांनी मिळून पाहायचे. अभिप्रायाला शिस्त होती : प्रथम शिकवणाऱ्याने स्वतः बोलायचे, आणि इतरांनी ‘छान झाले’ किंवा ‘आवाज वाढवा’ असे न म्हणता, त्या सात मिनिटांत विद्यार्थी म्हणून आपण नेमके काय करत होतो एवढेच सांगायचे. वीस वर्षे शिकवलेल्या माणसांनाही असे चित्रण पाहणे जड गेले, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातून जे दिसले ते व्याख्यानाने कधीच दिसले नसते.

मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती प्रश्न विचारल्यानंतरची शांतता. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ती वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तरी उत्तरांची लांबी आणि दर्जा सुधारतो. हे वाचलेले असणे आणि स्वतःच्या चित्रणात ते मोजणे यांत फार अंतर आहे. आमच्या गटातील प्रत्येकाने प्रश्न विचारला होता आणि प्रत्येकाने उत्तर स्वतःच देऊन टाकले होते, काहींनी तर प्रश्नाचा शेवटचा शब्द उच्चारण्याआधीच. दुसऱ्या फेरीत मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायचे ठरले. तो काळ वर्गासमोर उभे असताना किती लांब वाटतो, याची कल्पना शिकवणाऱ्यांना लगेच येईल. पाचव्या दिवशी संध्याकाळी कोणालाही घरी जाण्याची घाई दिसली नाही, एवढे सांगितले तरी या सत्राबद्दल पुरेसे आहे.

चौथ्या दिवसाची सकाळ संशोधनाला दिली होती. वाङ्मयचौर्याविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम, त्यातील दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला असलेली मुभा आणि त्यापुढच्या दंडात्मक पातळ्या यांची माहिती नेमकी होती. आयोगाने २०१९ मध्ये सुरू केलेली केअर ही मान्य संशोधन नियतकालिकांची यादी बंद केल्याचे २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झाल्यानंतर, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके ओळखण्याची जबाबदारी आता महाविद्यालयावर आणि स्वतः लेखकावर आली आहे. म्हणून या सत्रात प्रत्यक्ष नियतकालिके समोर ठेवून तपासणी करून घेणे आवश्यक होते. ते झाले नाही, फक्त निकष सांगितले गेले. सहाव्या दिवशीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सत्रात साधनांची नावे आणि प्रात्यक्षिके होती. विद्यार्थी गृहपाठ त्यातूनच करून आणतात, तेव्हा गृहपाठ कसा द्यावा, या सर्वांच्या मनातल्या प्रश्नापर्यंत ते पोहोचले नाही.

भाषेबद्दल थोडे कठोर लिहावे लागेल. सरांची सत्रे मराठीत, आवश्यक तिथे इंग्रजी संज्ञा वापरून झाली आणि म्हणूनच चर्चा रंगल्या. मात्र वाचनसाहित्य सगळेच्या सगळे इंग्रजीत होते, आणि त्यातले बरेचसे परदेशी विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून घेतलेले. नाशिक जिल्ह्यातील कला आणि वाणिज्य शाखांचे बहुतांश ग्रामीण विद्यार्थी मराठीतून उत्तरे लिहितात. त्यांना शिकवणाऱ्यांना प्रश्नांचे नमुने, गुणदानाच्या योजना आणि निरीक्षणाचे तक्ते मराठीत मिळायलाच हवेत. हे अशक्य नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणकप्रणालींसारख्या तांत्रिक विषयांचे पाठही मराठीत उपलब्ध करून दिले आहेत. अध्यापनाच्या तंत्रांसाठी असे काम करण्याची क्षमता नाशिकमध्ये निश्चित आहे. दूरशिक्षणाचे मराठी अध्ययनसाहित्य तयार करण्याचा १९८९ पासूनचा अनुभव असलेले मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे.

व्यवस्था साधी आणि स्वच्छ होती. पहिल्या दिवशी जमिनीला जखडलेल्या बाकांच्या सभागृहात गटकार्य जमेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ग्रंथालयाच्या वाचनकक्षात हलवण्यात आले, ही तत्परता आवडली. जेवण वेळेवर आणि घरगुती चवीचे असे.

निवासाची सोय नव्हती, आणि त्याचा फटका दूरच्या लोकांना बसला. मालेगाव शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तिकडून रोज येणाऱ्या एका सरांना पाचचे सत्र संपवून द्वारका चौकातली कोंडी पार करत घरी पोहोचायला रात्र होई. शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात सुट्टीच्या काळात रिकाम्या असलेल्या खोल्या मिळवून देणे आयोजकांना फार अवघड नव्हते.

त्याहून गंभीर प्रश्न तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा आहे. आज अनेक विभागांत बरेचसे तास हेच सहकारी घेतात. त्यांना मानधन घेतलेल्या तासांचे मिळते, कर्तव्य रजा मिळत नाही, आणि शुल्काची प्रतिपूर्तीही सहसा होत नाही. म्हणजे सत्र चालू असताना सहा दिवसांचा कार्यक्रम केला, तर शुल्क भरून शिवाय तितक्या दिवसांचे मानधन त्यांनी गमवायचे. चाळीस जणांमध्ये असे मोजकेच आले होते आणि सूक्ष्म अध्यापनात त्यांचीच तयारी सर्वांत चांगली होती. त्यांच्यासाठी शुल्क माफ करून काही जागा राखून ठेवाव्यात, अशी लेखी सूचना मी आयोजकांना दिली आहे आणि इतर सहभागींनीही ती द्यावी असे वाटते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने समोर उभा असलेला प्राध्यापक कायम आहे की तासिका तत्त्वावर, याने काही फरक पडत नाही. चांगले शिकवणे दोघांकडूनही त्याला मिळायला हवे.

स्थाननिश्चितीसाठी, म्हणजे प्राध्यापकाच्या पदोन्नतीसाठी, हे प्रमाणपत्र चालते का, हे बहुतेकांना जाणून घ्यायचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ चे विनियम राज्य शासनाने ८ मार्च २०१९ च्या निर्णयाने स्वीकारले. त्यांनुसार शैक्षणिक स्तर ११ वरून १२ वर जाताना अपेक्षित कार्यक्रम किमान दोन आठवड्यांचा, म्हणजे दहा दिवसांचा असावा लागतो. मात्र अशा एका कार्यक्रमाऐवजी किमान पाच दिवसांचे दोन कार्यक्रम चालतात. म्हणून या टप्प्यावरच्या सहकाऱ्यांनी, हे एकटे प्रमाणपत्र पुरेल असे समजू नये. विषयाशी संबंधित मूक (MOOC), म्हणजे सर्वांसाठी खुल्या ऑनलाइन, अभ्यासक्रमाचे ई-प्रमाणपत्रही विनियमांना मान्य आहे, आणि तिथे आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचा पर्याय मला प्रामाणिक वाटतो. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे हे अभ्यासक्रम शिकायला विनामूल्य आहेत, शुल्क फक्त परीक्षेचे असते. अंतिम गुणांत साप्ताहिक स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचा ७५ टक्के असल्यामुळे, अभ्यास न करता प्रमाणपत्र मिळत नाही. विषयज्ञान अद्ययावत करण्यासाठी मी कोणालाही तोच मार्ग सुचवेन. परंतु तिथे तुमचा वर्ग कोणी पाहत नाही, तुमची प्रश्नपत्रिका कोणी तपासत नाही; आणि नाशिकमधल्या या कार्यक्रमाचे मोल नेमके तिथेच आहे.

शेवटचा मुद्दा पाठपुराव्याचा, आणि तो आयोजकांच्या बाजूने फार मोठा आहे. ऑगस्टमध्ये एका शनिवारी, वेगळे शुल्क न घेता, अर्ध्या दिवसाची बैठक ठेवली होती. प्रत्येकाने वर्गात वापरलेला एक नवा प्रश्न आणि विद्यार्थ्यांची काही उत्तरे आणायची होती. निम्म्याहून कमी लोक आले, पण जे आले त्यांनी काम करून आणले होते. मी कांद्याच्या भावाचा प्रश्न रंगीत कार्डांवर घेतला होता. पहिल्या फेरीत गोंधळ अपेक्षेप्रमाणे होता, चर्चेनंतर बहुतेक कार्डे बरोबर झाली, आणि मला समाधान वाटले. पुढे चाचणीत मात्र कांद्याऐवजी पेट्रोल आणि विजेवर चालणारी दुचाकी यांचे उदाहरण देताच अनेकजण पुन्हा मूळ चुकीकडे वळले. ती उत्तरे बैठकीत वाचली गेली तेव्हा सरांनी सांगितले की, चर्चेनंतर मिळालेले बरोबर उत्तर हे बऱ्याचदा शेजाऱ्याचे असते. तोच प्रश्न दोन आठवड्यांनी, वेगळ्या संदर्भात, चर्चेशिवाय विचारल्याखेरीज ते विद्यार्थ्याचे झाले की नाही हे कळत नाही. भौतिकशास्त्राच्या मॅडमनाही अगदी हाच अनुभव आला होता. त्यांनी आणि मी मिळून दुसऱ्या फेरीच्या प्रश्नांचा एक छोटा संच तयार करायला घेतला आहे. सहा दिवसांत जेवढे शिकायला मिळाले, त्याच्या तोडीचे त्या अर्ध्या दिवसात मिळाले, आणि म्हणून अशी एक बैठक पुरेशी नाही. प्रत्येक शैक्षणिक सत्रात निदान दोन असाव्यात.

पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत घेण्याचा आयोजकांचा विचार आहे. जाणाऱ्यांनी स्वतः काढलेली प्रश्नपत्रिका तर न्यावीच, शिवाय तिच्या सात-आठ तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या प्रती, विद्यार्थ्यांची नावे आणि आसन क्रमांक झाकून, सोबत ठेवाव्यात. या वेळी त्या फार थोड्यांकडे होत्या आणि गुणदानाच्या चर्चेत त्यांची उणीव सतत जाणवत होती.